फाय चिपच्या दुहेरी कामाच्या पिना: स्ट्रॅपपासून रजिस्टरपर्यंतचा योग्य क्रम

बोर्ड तयार झाला, ड्रायव्हर चढवला, केबल लावली आणि तरीही इथरनेटची लिंक येत नाही, ही तक्रार घेऊन नागपुरातल्या आमच्या लहानशा कार्यशाळेत हिंगण्याच्या एमआयडीसीतले लघुउद्योजक येतात, तसेच शेवटच्या वर्षाचा प्रकल्प करणारे विद्यार्थीही येतात. बहुतेकांनी तोपर्यंत दोन-तीन दिवस रजिस्टरांशी, म्हणजे चिपमधल्या लिहिता-वाचता येणाऱ्या सेटिंगच्या खान्यांशी, झटापट केलेली असते. बोर्ड तपासला की दोष रजिस्टरात नसून पिनेत निघतो: रीसेट सुटण्याच्या क्षणी फाय चिपची (इथरनेटची केबल आणि मायक्रोकंट्रोलर यांना जोडणाऱ्या चिपची) एखादी पिन नको त्या पातळीवर होती, चिपने ती पातळी टिपून घेतली आणि नंतर लिहिलेले सगळे त्या चुकीवर रचले गेले.

दुहेरी कामाच्या पिनेकडे पाहताना तीन वेळा वेगळ्या धराव्यात. रीसेट सुटेपर्यंत ती पिन इनपुट असते आणि तिच्यावरची पातळी म्हणजेच स्ट्रॅप. रीसेट सुटल्यावर ती आपल्या नेहमीच्या कामाला लागते, म्हणजे डेटा देते, दिवा लावते किंवा क्लॉक बाहेर काढते. काही पिनांचे हे दुसरे काम पुढे रजिस्टर लिहून बदलता येते. जुळवणीही याच क्रमाने करावी लागते. तिसऱ्या वेळेपासून सुरुवात केली की वेळ वाया जातो.

उदाहरणासाठी मायक्रोचिपची लॅन८७२०ए ही २४ पिनांची चिप घेतली आहे, कारण नागपूरच्या बर्डीवरच्या दुकानांत मिळणाऱ्या स्वस्त मॉड्यूलांवर हीच अधिक दिसते. जिथे दुसऱ्या चिपचे वागणे वेगळे आहे, तिथे तसे सांगितले आहे.

टप्पा १: सोल्डरिंगच्या आधी कागदावर तक्ता

डेटाशीटमधील पिनांचे वर्णन वाचून प्रत्येक दुहेरी पिनेसाठी एक ओळ लिहावी. ओळीत पाच गोष्टी असाव्यात: पिनेची दोन्ही नावे, चिपच्या आत पुल-अप (पिनेला वर, म्हणजे ३.३ व्होल्टकडे ओढणारा) आहे की पुल-डाउन (खाली, म्हणजे जमिनीकडे ओढणारा), आपल्याला रीसेटच्या वेळी हवी असलेली पातळी, बोर्डावर त्या पिनेला आणखी काय जोडले आहे, आणि रीसेटनंतरचे काम. चौथा रकाना भरायचा कंटाळा केला जातो आणि घोळ नेमका तिथेच असतो.

लॅन८७२०एच्या तक्त्यात सहा ओळी येतात. खालच्या नावांत आरएक्सडी, सीआरएस-डीव्ही आणि आरएक्सईआर या फायकडून मायक्रोकंट्रोलरकडे जाणाऱ्या रेषा आहेत; मोड, रेगऑफ आणि एन-इंटसेल हे स्ट्रॅप आहेत. आठव्या पिनेवर आरएक्सडी० आणि मोड०, सातव्यावर आरएक्सडी१ आणि मोड१, अकराव्यावर सीआरएस-डीव्ही आणि मोड२ अशी जोडपी आहेत. या तिन्ही पिनांना आतून पुल-अप आहे. दहाव्या पिनेवर आरएक्सईआर आणि पत्त्याचा (मायक्रोकंट्रोलर चिपला ज्या क्रमांकाने हाक मारतो त्याचा) शून्यावा बिट एकत्र आहेत आणि तिला आतून पुल-डाउन आहे. तिसरी पिन एलईडी१ आणि रेगऑफ यांची असून तीही आतून खाली ओढलेली आहे. दुसरी पिन एलईडी२ आणि एन-इंटसेल यांची, ती आतून वर ओढलेली. सातवी ओळ चौदाव्या पिनेची लिहावी. ती स्वतः स्ट्रॅप नाही, पण एन-इंटसेलच्या पातळीनुसार ती एकतर इंटरप्ट (घटना घडल्याचा मायक्रोकंट्रोलरला इशारा) देते किंवा ५० मेगाहर्ट्झचा क्लॉक बाहेर देते.

तीन मोड पिनांचा (डावीकडून मोड२, मोड१, मोड०) एकत्रित अर्थ काय होतो हेही तक्त्याखाली लिहून ठेवावे. १११ म्हणजे सर्व वेग उपलब्ध आणि ऑटो-निगोशिएशन (केबलच्या दोन्ही टोकांनी वेग आपापसांत ठरवणे) चालू. बहुतेकांना हेच हवे असते. ०११ म्हणजे १०० एमबीपीएस, फुल डुप्लेक्स (दोन्ही दिशांनी एकाच वेळी; हाफ म्हणजे आळीपाळीने), पण ऑटो-निगोशिएशन बंद. ११० म्हणजे चिप उठतानाच झोपलेल्या अवस्थेत उठते.

तपासणी: तक्त्यातील एकही रकाना रिकामा नाही ना, हे पाहूनच पुढे जावे. चौथ्या रकान्यात नुसते 'मायक्रोकंट्रोलर' असे लिहिले असेल, तर त्या मायक्रोकंट्रोलरची ती पिन रीसेटमध्ये असताना तरंगती असते, वर ओढलेली असते की खाली, हेही लिहावे.

टप्पा २: क्लॉक कोठून येणार हे आधी ठरवा

ही निवड रेझिस्टरांच्या आधी करावी लागते, कारण एका स्ट्रॅपची पातळी तीच ठरवते. आरएमआयआय, म्हणजे फाय आणि मायक्रोकंट्रोलर यांच्यातल्या डेटाच्या जोडणीत, या दोघांनाही एकच ५० मेगाहर्ट्झचा क्लॉक लागतो आणि त्याची अचूकता ५० पीपीएमच्या (दहा लाखांत ५० भागांच्या) आत असावी लागते.

एन-इंटसेल वर असेल तर चिप पाचव्या पिनेवर बाहेरून ५० मेगाहर्ट्झची अपेक्षा करते आणि चौदावी पिन इंटरप्टसाठी मोकळी राहते. एन-इंटसेल खाली असेल तर चिपला २५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लागतो, ५० मेगाहर्ट्झ ती स्वतः तयार करून चौदाव्या पिनेवर देते आणि इंटरप्टची पिन आपल्या हातून जाते. स्वस्त क्रिस्टल आणि इंटरप्ट ही दोन्ही या चिपवर एकाच वेळी मिळत नाहीत. इंटरप्ट गेला म्हणून फार हळहळण्याचे कारण नाही, असे माझे मत आहे. तापमान नोंदवणाऱ्या किंवा मीटर वाचणाऱ्या यंत्रात दर सेकंदाला एकदा लिंकची अवस्था वाचली तरी पुरेसे असते.

सावधान: बोर्डावर ५० मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर आहे आणि एन-इंटसेल खाली ओढलेला आहे, अशी विसंगती आमच्याकडे अनेकदा येते. आकृती एका संदर्भ बोर्डावरून आणि क्लॉकचा भाग दुसऱ्यावरून उचलला की असे होते. अशा बोर्डावर केबलची लिंक येत नाही.

ईएसपी३२ हा मायक्रोकंट्रोलर वापरणाऱ्यांसाठी वेगळी सूचना आहे. त्या चिपवर बाहेरचा आरएमआयआय क्लॉक जीपीआयओ० या पिनेवरच घ्यावा लागतो आणि नेमकी तीच पिन चालू होताना प्रोग्रॅम चालवायचा की नवा प्रोग्रॅम उतरवून घ्यायचा हे ठरवते. ऑसिलेटर आधीपासून चालू असेल, तर ईएसपी३२ कधी नीट उठते आणि कधी डाउनलोडच्या अवस्थेत अडकते. ऑसिलेटरची एनेबल पिन दुसऱ्या एका जीपीआयओने हाताळावी, ती सुरुवातीला बंद राहील असा रेझिस्टर लावावा आणि प्रोग्रॅम सुरू झाल्यावरच ती चालू करावी.

एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलर वापरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की ५० मेगाहर्ट्झ पोहोचला नसेल, तर इथरनेट डीएमएचा (पॅकेट मेमरीत हलवणाऱ्या भागाचा) सॉफ्टवेअर रीसेट कधीच पूर्ण होत नाही आणि प्रोग्रॅम त्याच लूपमध्ये फिरत राहतो. लोक तो दोष लायब्ररीच्या माथी मारतात.

तपासणी: ऑसिलोस्कोपचा प्रोब मायक्रोकंट्रोलरच्या बाजूला, म्हणजे क्लॉक जिथे पोहोचायला हवा तिथे लावून ५० मेगाहर्ट्झ पाहावा. क्लॉक जिथून निघतो तिथे पाहून समाधान मानू नये.

टप्पा ३: स्ट्रॅपच्या रेझिस्टरचा हिशेब

चिपच्या आत पुल-अप आहेच, मग बाहेरचा कशाला, हा प्रश्न हमखास विचारला जातो. उत्तर आकड्यांत आहे. लॅन८७२०एच्या आतला पुल-अप हा सुमारे ५० मायक्रोअँपिअरचा प्रवाह आहे, म्हणजे अगदी अशक्त. समजा, मायक्रोकंट्रोलरच्या बाजूने त्याच रेषेवर ४० किलोओहमचा पुल-डाउन चालू राहून गेला आहे. ५० मायक्रोअँपिअर गुणिले ४० किलोओहम म्हणजे २ व्होल्ट. ३.३ व्होल्टच्या बोर्डावर ही पातळी धड वर नाही आणि धड खालीही नाही. एक बोर्ड ती वर वाचेल, शेजारचा खाली वाचेल आणि तिसरा सकाळी एक तर दुपारी दुसरे वाचेल. त्याच रेषेवर बाहेरून १० किलोओहमचा पुल-अप लावला, तर पातळी सुमारे ३ व्होल्टवर जाते आणि प्रश्न मिटतो.

उलट बाजूनेही हाच हिशेब करावा. आतून वर ओढलेली पिन खाली आणायची आहे आणि हाताशी आहे म्हणून ४७ किलोओहमचा रेझिस्टर लावला, तर पिनेवर ५० मायक्रोअँपिअर गुणिले ४७ किलोओहम, म्हणजे २.३५ व्होल्ट उभे राहतात. रेझिस्टर जमिनीकडे आहे, पण पिन खाली आलेलीच नाही. १० किलोओहमने ती अर्ध्या व्होल्टवर येते आणि ४.७ किलोओहमने पाव व्होल्टच्याही खाली जाते.

रेझिस्टरचे मूल्य एका चिपवरून दुसरीवर नेऊ नये. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या डीपी८३८४८ साठी २.२ किलोओहम सांगितलेला आहे. त्याच कंपनीच्या गिगाबिट डीपी८३८६७ मध्ये तर एकेक स्ट्रॅप पिन दोनऐवजी चार पातळ्या ओळखते आणि त्यासाठी वरच्या व खालच्या रेझिस्टरांची ठरलेली जोडीच लावावी लागते. तिथे अंदाजाने लावलेला रेझिस्टर म्हणजे तिसरीच अवस्था. त्या चिपच्या आरएक्स-कंट्रोल पिनेवर चारपैकी पहिल्या दोन पातळ्या वापरायच्याच नसतात, ही सूचना डेटाशीट नीट वाचणाऱ्यालाच सापडते.

सावधान: डीपी८३८४८ चा पत्ता आतून १ असा ठरलेला आहे. लॅन८७२०एच्या सवयीने तो ० केला, तर ती चिप आपली डेटाची बाजू तोडून अलिप्त अवस्थेत उठते. केबलची लिंक येते, पण एकही पॅकेट पलीकडे जात नाही.

टप्पा ४: दिव्यांच्या पिना

या टप्प्यावर मी सर्वाधिक वेळ घेणार आहे, कारण लोक तो सर्वांत कमी वेळात उरकतात. दिवा ही शोभेची वस्तू मानली जाते आणि रचना करताना तो शेवटी जोडला जातो. स्ट्रॅपच्या पिनेवर दिवा म्हणजे रेल (३.३ व्होल्ट किंवा जमीन) आणि पिन यांच्यामधला एक वाहक मार्ग, आणि रीसेटच्या वेळीही तो मार्ग तिथेच असतो.

नियम असा आहे की दिव्याचे दुसरे टोक त्याच रेलकडे जावे, जिकडे स्ट्रॅप ओढलेला आहे. स्ट्रॅप खाली हवा असेल, तर पिनेपासून दिवा, दिव्यापासून रेझिस्टर आणि तिथून जमीन. शिवाय पिनेपासून जमिनीकडे १० किलोओहम. स्ट्रॅप वर हवा असेल, तर हीच रचना ३.३ व्होल्टकडे. दिवा वर चालवायचा की खाली, हे चिप टिपलेल्या स्ट्रॅपवरून स्वतःच ठरवते, त्यामुळे रजिस्टरमध्ये काही लिहावे लागत नाही.

हा नियम मोडला की काय होते, हे आम्ही स्वतःच्या बोर्डावर शिकलो. कळमन्याजवळच्या एका मिरचीच्या शीतगृहासाठी तापमान नोंदवणारे बोर्ड बनवले होते. त्यांत एलईडी१ च्या पिनेवरचा लाल दिवा नेहमीच्या सवयीने ३.३ व्होल्टकडे जोडला गेला. ही पिन म्हणजेच रेगऑफ. ती वर असेल तर चिप आतला १.२ व्होल्टचा रेग्युलेटर बंद ठेवते आणि तो व्होल्टेज बाहेरून मिळेल असे धरून चालते. आमच्या बोर्डावर बाहेरचे १.२ व्होल्ट नव्हतेच. गंमत अशी की शीतगृहाच्या थंडाव्यात बोर्ड चालले आणि मे महिन्यात दुरुस्तीसाठी कार्यशाळेच्या टेबलावर आले, तेव्हा त्यांतले तीन उठेनात. एमडीआयओवरून, म्हणजे फायची रजिस्टरे वाचण्या-लिहिण्याच्या रेषेवरून, प्रत्येक वाचनाला एफएफएफएफ येत होते. दोन दिवस आम्ही केबल, जॅक आणि पॉवर सप्लाय बदलत बसलो.

शेवटी रीसेट दाबून धरून तिसऱ्या पिनेवर मल्टिमीटर लावला, तेव्हा १.७ व्होल्ट दिसले. आतला अशक्त पुल-डाउन दिव्यातून ५० मायक्रोअँपिअर ओढत होता, एवढ्या प्रवाहाला लाल दिव्यावर सुमारे १.६ व्होल्ट पडतात आणि उरलेले पिनेवर येतात. दिव्यावर पडणारा व्होल्टेज उष्णतेने दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्ट कमी होतो. थंडीत पिन जरा खाली राहत होती, नागपूरच्या मेमध्ये ती काठ ओलांडत होती. खूण आधीपासून समोर होती: शीतगृहात चालणाऱ्या बोर्डांवर केबल काढली की दिवा लागायचा आणि लावली की विझायचा. पिन खाली वाचली गेल्यामुळे चिप दिवा वर चालवत होती आणि आमचा दिवा उलटा जोडलेला होता. आम्ही ते हसण्यावारी नेले होते.

रेगऑफबाबत आणखी एक गोष्ट. त्याची पातळी चिप वीज स्थिर होतानाच पाहते, म्हणून रेझिस्टर बदलल्यावर नुसते रीसेटचे बटण दाबून निकाल पाहू नये. वीज पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावी.

सावधान: ज्या आरजे-४५ जॅकमध्ये दोन्ही दिवे आतच असतात, तो घेताना दिव्यांचे पाय स्वतंत्र आहेत की धन बाजू सामाईक आहे, हे दुकानातच मल्टिमीटरने पाहावे. लॅन८७२०एच्या नेहमीच्या, म्हणजे बाहेरून क्लॉक घेण्याच्या रचनेत एक दिवा जमिनीकडे आणि दुसरा ३.३ व्होल्टकडे जातो. सामाईक पायाचा जॅक तिथे बसत नाही.

तपासणी: वीज चालू करून सहाव्या पिनेवर १.२ व्होल्ट आहेत का ते मोजावे. नसतील, तर पुढचा कोणताही टप्पा करू नये आणि तिसऱ्या पिनेकडे परत यावे.

टप्पा ५: रीसेटची वेळ आणि मायक्रोकंट्रोलरची शिस्त

लॅन८७२०एला वीज स्थिर झाल्यानंतर निदान २५ मिलिसेकंद रीसेटमध्ये ठेवावे आणि नंतर कधी रीसेट द्यायचा झाल्यास तो १०० मायक्रोसेकंदांपेक्षा कमी नसावा. एवढे सगळे पाळतात. चुकते ते रीसेट सुटताना बाकीच्या पिनांचे काय चालले आहे याकडे पाहणे. क्रम असा ठेवावा:

१. फायची रीसेट पिन खाली ओढावी.

२. तक्त्यातील सर्व स्ट्रॅप रेषांवर मायक्रोकंट्रोलरच्या पिना साध्या तरंगत्या इनपुट कराव्यात, आतले पुल-अप आणि पुल-डाउन बंद करून.

३. क्लॉक चालू करून तो स्थिर होऊ द्यावा.

४. ठरलेला वेळ थांबून रीसेट सोडावा.

५. त्यानंतरच मायक्रोकंट्रोलरच्या पिना इथरनेटच्या कामाला लावाव्यात.

तयार लायब्ररीत बहुधा पाचवी पायरी दुसरीच्या आधी असते. पहिल्यांदा वीज चालू करताना त्यामुळे काही बिघडत नाही, कारण तेव्हा मायक्रोकंट्रोलरच्या पिना आपोआपच तरंगत्या असतात. वॉचडॉगने (प्रोग्रॅम अडकला तर तो पुन्हा सुरू करणाऱ्या टायमरने) प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला की मात्र लायब्ररी आधी पिना पुल-डाउनसह लावते, मग फायला रीसेट देते, आणि फाय नव्या पातळ्या टिपून घेते. 'पहिल्यांदा चालते, पुन्हा सुरू केले की चालत नाही' अशा वर्णनाचा बोर्ड आला, तर मी सर्वांत आधी हे पाहतो.

डीपी८३८४८ वापरत असाल, तर पॉवर-डाउन आणि इंटरप्ट या दोन कामांच्या पिनेकडे विशेष लक्ष द्यावे. सुरुवातीला ती पिन इनपुट असते आणि खाली ओढली की चिप झोपते. मायक्रोकंट्रोलरची तिला जोडलेली पिन चुकून आउटपुट होऊन शून्यावर राहिली, तर चिप उठणारच नाही. ती रेषा मायक्रोकंट्रोलरच्या बाजूने कायम इनपुटच ठेवावी.

टप्पा ६: टिपलेले स्ट्रॅप वाचून पाहा

आता कोठे एमडीआयओकडे वळावे. त्या रेषेवर १.५ किलोओहमचा पुल-अप असावा आणि एमडीसीचा, म्हणजे तिच्या क्लॉकचा, वेग सुरुवातीला २.५ मेगाहर्ट्झच्या आत ठेवावा. ० ते ३१ या सर्व पत्त्यांवर रजिस्टर २ आणि ३ वाचावे. लॅन८७२०ए असेल तर पहिल्यात हेक्स (सोळाच्या पद्धतीतला) ०००७ आणि दुसऱ्यात सी०एफ पासून सुरू होणारा आकडा येतो; त्याचा शेवटचा अंक आवृत्तीचा असतो. सर्वत्र एफएफएफएफ येत असेल, तर कोणीच उत्तर देत नाही असा अर्थ घ्यावा. सर्वत्र शून्य येत असेल, तर बहुधा एमडीआयओची रेषा कोठेतरी जमिनीला चिकटली आहे.

पत्ता कागदावरच्या तक्त्याशी जुळतो का ते पाहावे. नुसत्या चिपचा पत्ता ० असतो, पण बाजारातल्या अनेक मॉड्यूलांवर तो पुल-अप लावून १ केलेला असतो, त्यामुळे एका बोर्डाचा प्रोग्रॅम दुसऱ्यावर मुका राहतो. मायक्रोचिपच्याच केएसझेड८०८१ या मालिकेतल्या चिप पत्ता ० हा सामाईक पत्ता मानून त्यालाही उत्तर देतात. एकच चिप दोन पत्त्यांवर दिसली म्हणून गोंधळू नये.

यानंतर रजिस्टर १८ वाचावे. त्याच्या ७ ते ५ या बिटांत टिपलेला मोड आणि ४ ते ० या बिटांत टिपलेला पत्ता असतो. रीसेटच्या क्षणी पिनांनी काय सांगितले याची ही चिपने दिलेली लेखी साक्ष आहे, आणि इतक्या सोप्या साक्षीकडे किती कमी लोक वळतात याचे मला दर वेळी नवल वाटते. केएसझेड८०८१ मध्ये अशीच नोंद हेक्स १७ या रजिस्टरात मिळते.

सावधान: मायक्रोचिपच्या लॅन मालिकेच्या डेटाशीटमध्ये रजिस्टरांचे क्रमांक दशमान पद्धतीने दिलेले आहेत, तर केएसझेड मालिकेत हेक्समध्ये. दशमान १८ आणि हेक्स १८ ही वेगवेगळी रजिस्टरे आहेत. प्रोग्रॅममध्ये आकडा कोणत्या पद्धतीने लिहिला आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

मोड वाचून लक्षणांचा उलगडा होतो. ११० आले, तर मोड० ची रेषा, म्हणजे आठवी पिन, खाली ओढली जात आहे. चिप रजिस्टरांना उत्तर देते पण केबलकडे ढुंकूनही पाहत नाही. ०११ आले, तर सीआरएस-डीव्हीची रेषा खाली आहे, आणि हा दोष सर्वांत फसवा असतो. लिंक येते, दिवा लागतो, पिंगही जाते. पण मोठी फाइल पाठवली की वेग कोलमडतो. ऑटो-निगोशिएशन बंद असल्यामुळे समोरचा स्विच फक्त वेग ओळखू शकतो आणि स्वतः हाफ डुप्लेक्स धरतो, इकडची चिप मात्र फुल डुप्लेक्समध्ये असते. अशा वेळी केबलला आणि स्विचला दोष देत लोक महिनेच्या महिने काढतात.

टप्पा ७: रजिस्टरने काम बदलणे

स्ट्रॅप जुळले नाहीत आणि बोर्ड बदलता येत नसेल, तर लॅन८७२०एमध्ये रजिस्टर १८ मध्ये हवा तो मोड लिहून रजिस्टर ० चा बिट १५ लावून सॉफ्ट रीसेट द्यावा. हा सॉफ्ट रीसेट पिना पुन्हा वाचत नाही. तो रजिस्टर १८ मधलाच मोड अमलात आणतो. क्रम उलटा केला, म्हणजे आधी रीसेट देऊन मग मोड लिहिला, तर लिहिलेला आकडा वाचून दिसतो पण चिप जुन्याच मोडमध्ये चालते. रेगऑफ आणि एन-इंटसेल यांना हा उपाय लागू नाही; तिथे सोल्डरिंगची बंदूकच हातात घ्यावी लागते.

लिहिताना आधी रजिस्टर वाचावे, हवे तेवढेच बिट बदलावेत आणि मग लिहावे. रजिस्टर १८ मध्ये मोड लिहिताना पत्त्याचे बिट शून्य करून टाकणारे, आणि मग चिप हरवली म्हणून शोधणारे, मी पाहिले आहेत.

इंटरप्ट वापरायचा असेल, तर एन-इंटसेल वर आहे याची खात्री करून चौदाव्या पिनेवर बाहेरून पुल-अप लावावा आणि रजिस्टर ३० मध्ये हव्या त्या घटना चालू कराव्यात. बिट ४ लिंक तुटल्याचा आणि बिट ६ ऑटो-निगोशिएशन पूर्ण झाल्याचा आहे. लिंक आल्याचा वेगळा बिट इथे नाही, त्यामुळे हे दोन्ही बिट चालू ठेवावेत. घटना घडल्यावर रजिस्टर २९ वाचल्याशिवाय पिन सुटत नाही. ते वाचायचे राहिले की पहिला इंटरप्ट येतो आणि दुसरा कधीच येत नाही. डीपी८३८४८ मध्ये हेक्स ११ च्या रजिस्टरात बिट ० लावून ती पिन आधी आउटपुट करावी लागते, बिट १ ने इंटरप्ट चालू करावा लागतो आणि घटनांची निवड हेक्स १२ मध्ये असते.

गिगाबिट चिपमध्ये रजिस्टरे पानांत किंवा विस्तारित जागेत असतात. मार्व्हेलच्या ८८ई१५१२ वर तिसऱ्या दिव्याची, म्हणजे एलईडी२ ची, पिन इंटरप्टला द्यायची असेल, तर रजिस्टर २२ मध्ये पान ३ निवडून रजिस्टर १८ चा बिट ७ लावावा लागतो. काम झाल्यावर पान ० वर परत यायला विसरू नये, कारण ड्रायव्हर पुढचे सारे वाचन पान ० समजून करतो. डीपी८३८६७ च्या विस्तारित रजिस्टरांसाठी रजिस्टर १३ मध्ये ००१एफ, १४ मध्ये रजिस्टरचा पत्ता, पुन्हा १३ मध्ये ४०१एफ आणि शेवटी १४ मध्ये मूल्य अशा चार पायऱ्या त्याच क्रमाने लिहाव्या लागतात. मध्येच दुसऱ्या थ्रेडने एमडीआयओ वापरला, तर मूल्य भलत्याच ठिकाणी जाऊन बसते.

तपासणी: ड्रायव्हर पूर्ण सुरू झाल्यानंतर आपण लिहिलेली रजिस्टरे पुन्हा वाचावीत. अनेक ड्रायव्हर सुरू होताना स्वतःच सॉफ्ट रीसेट देतात आणि त्याआधी आपण केलेले बदल पुसले जातात.

टप्पा ८: शेवटची चाचणी

लिंकची अवस्था रजिस्टर १ च्या बिट २ मध्ये असते, पण तो बिट लिंक एकदा तुटली की वाचेपर्यंत शून्यावरच अडकून राहतो. म्हणून सलग दोनदा वाचून दुसरे उत्तर धरावे; पहिले उत्तर जुन्या घटनेचे असू शकते.

वीज पूर्ण बंद करून बोर्ड वीस वेळा चालू करावा आणि दर वेळी रजिस्टर १८ ची नोंद घ्यावी. मग वीज चालू ठेवून वॉचडॉगने वीस वेळा रीसेट घडवून तीच नोंद घ्यावी. चाळीसही आकडे एकसारखे यायला हवेत. एकही वेगळा आला, तर लिंक येत असली तरी बोर्ड गिऱ्हाइकाकडे पाठवू नये आणि टप्पा ३ चा हिशेब त्या रेषेसाठी पुन्हा करावा.

दिव्यांच्या दोन पिना या नोंदीत दिसत नाहीत. त्यांच्यासाठी वीज चालू ठेवून, रीसेट दाबून धरून पिनेवरचा व्होल्टेज मोजावा; तो ०.५ च्या खाली किंवा २.८ च्या वर असावा, ही आमच्या टेबलावरची मर्यादा आहे. हिवाळ्यात काम करत असाल, तर केस वाळवायच्या यंत्राने बोर्ड हाताला चटका बसण्याइतका तापवून हीच मोजणी पुन्हा करावी. जॅक किंवा दिव्याचा रंग बदलला गेला असेल, तर ही मोजणी त्या नव्या मालावरही करावी. आमच्या त्या तीन बोर्डांत लाल दिव्याऐवजी निळा असता, तर त्याच्यावर पडणारा जास्तीचा व्होल्टेज पिनेला खालीच ठेवून गेला असता आणि चूक आम्हाला कळलीच नसती.